अडलेल्या कामापासून सुरुवात करा: माणूस आणि यंत्र यांची मोट बांधणारी कार्यपद्धती कशी आखावी

नव्या यंत्रणेचं प्रात्यक्षिक पाहायला बसाल तेव्हा पडद्यावरच्या ऑर्डरीकडे नीट लक्ष द्या. ती कुठेच अडत नाही. पत्ता पूर्ण असतो, माल साठ्यात असतो, बारकोड फाटलेला नसतो, ग्राहक मधेच मत बदलत नाही. पंधरा मिनिटांत ऑर्डर या टोकापासून त्या टोकाला पोचते आणि खोलीतले सगळे माना डोलावतात. प्रत्यक्ष कामाच्या जागी मात्र लोकांचा जीव मेटाकुटीला येतो तो अडलेल्या ऑर्डरींपायी. काहीतरी चुकलंय हे कुणीतरी ओळखतं, कुणाला तरी फोन लावतं, वहीत टिपून ठेवतं, मागच्या अनुभवावरून वाट काढतं. हे काम कुठल्याच पदाच्या जबाबदाऱ्यांमध्ये लिहिलेलं नसतं. त्यामुळे नवी यंत्रणा आखताना ते हिशेबात धरलं जात नाही, आणि यंत्रणा सुरू झाल्यावर तेच आधी मोडतं.

म्हणून कामाची रचना करायला बसलात तर या अडचणींपासून सुरुवात करा. सुरळीत चालणारं काम यंत्र सांभाळेल. बिघडलेलं काम कोण दुरुस्त करणार, कुठे, कोणती माहिती हाताशी धरून, आणि कितव्या साहेबाला विचारून, यावर ती यंत्रणा लोकांच्या उपयोगी पडणार की त्यांच्या मानेवर बसणार हे ठरतं.

पुढचे टप्पे समजायला सोपे जावेत म्हणून एक गोदाम डोळ्यांसमोर ठेवू. चाळीसएक माणसं, दोन पाळ्या. छापील यादी हातात घेऊन फळीवरून माल काढायचा, बांधायचा, गाडीत चढवायचा. आता यादीच्या जागी हातातले स्कॅनर आणि नवं सॉफ्टवेअर आणायचं ठरलंय. तुमचं काम रुग्णालयातलं, कर्जाच्या अर्जांचं किंवा ग्राहकसेवेचं असलं तरी टप्पे हेच राहतात.

हा विचार खाणीतून आला

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या कोळसाखाणींत यंत्रं वाढली, पण उत्पादन अपेक्षेइतकं वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटमधले एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी यामागची कारणं शोधली आणि १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. बॅमफर्थ स्वतः पूर्वी खाणकामगार होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जुन्या पद्धतीत मोजक्या माणसांची टोळी कोळसा तोडण्यापासून तो बाहेर पाठवण्यापर्यंत सगळं काम स्वतः करायची. यंत्रं आल्यावर तेच काम तीन पाळ्यांत तुकडे करून वाटलं गेलं. एका पाळीत राहिलेली कसर पुढच्या पाळीच्या माथी यायची, आणि या दोन पाळ्यांची आपसात गाठसुद्धा पडत नसे.

ट्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे यंत्रसामग्री सारखी पण कामाची वाटणी वेगळी असलेल्या दोन गटांची तुलना केली. जिथे माणसं सगळी कामं आलटून पालटून, आपसात ठरवून करत होती तिथे उत्पादन क्षमतेच्या ९५ टक्क्यांवर होतं. जिथे प्रत्येकाला एका कप्प्यात बसवलं होतं तिथे ७८ टक्के. गैरहजेरी पहिल्या गटात ८.२ टक्के, दुसऱ्यात २० टक्के. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्येही १९५३ साली ए. के. राइस यांना असाच अनुभव आला. स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन वाढेना, कारण २९ कामगारांची कामं बारा वेगवेगळ्या प्रकारांत वाटलेली होती. छोट्या गटांनी ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी घ्यायची, ही कल्पना पुढे आली तेव्हा कामगारांनी आपली गटरचना स्वतःच ठरवली, आणि उत्पादन वाढून खराब कापडाचं प्रमाण कमी झालं.

यंत्र तेच होतं. बदलली ती कामाची वाटणी. या विचाराला पुढे सामाजिक-तांत्रिक रचना असं नाव पडलं. नाव बोजड आहे. पण त्याचा अर्थ इतकाच की यंत्र आणि माणसांची व्यवस्था एकाच वेळी, एकाच टेबलावर आखायची.

पहिला टप्पा: हेतू लिहा, माणसं निवडा

कामाचा हेतू एका वाक्यात लिहा आणि त्या वाक्यात यंत्राचं नाव येऊ देऊ नका. ‘सर्व व्यवहार स्कॅनरवर आणणे’ हा हेतू झाला नाही. ‘ग्राहकाला बरोबर माल ठरलेल्या दिवशी मिळावा आणि माल काढणाऱ्याला दिवसअखेर घरी धडपणे जाता यावं’ हा हेतू झाला. हे वाक्य पुढे निर्णय अडला की उपयोगी पडतं.

आखणी करणाऱ्या गटात सहा-सात जण पुरेत: दोन्ही पाळ्यांतला एकेक प्रत्यक्ष माल काढणारा, एक पर्यवेक्षक, एक संगणकवाला, ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारी एक व्यक्ती आणि खर्चाला मंजुरी देऊ शकणारा एक अधिकारी. माल काढणारे प्रतिनिधी त्यांच्या सोबत्यांनी निवडावेत. साहेबांनी निवडले तर साहेबांना आवडणारं बोलणारेच येतात. बैठका कामाच्या वेळेत घ्या आणि तेवढ्या वेळेपुरती त्यांच्या जागी दुसरी माणसं द्या. पाळी संपल्यावर थकलेल्या माणसाला बसवून ‘तुमचं मत सांगा’ म्हटलं तर तो मान हलवून घरी जाईल.

दुसरा टप्पा: काम जसं होतं तसं पाहा

प्रक्रियेचा आराखडा कार्यालयात भिंतीवर लावलेला असतो. तो बाजूला ठेवा आणि दोन्ही पाळ्यांत प्रत्येकी किमान दोन पूर्ण दिवस जाऊन उभे राहा. त्यांतला एक दिवस सर्वांत वाईट निवडा: महिनाअखेर, सुट्टीनंतरचा पहिला दिवस, किंवा दोन माणसं गैरहजर असलेला दिवस. सरासरी दिवस पाहून आखलेली यंत्रणा सरासरी दिवशीच चालते.

जाण्याआधी सर्वांना सांगा की तुम्ही कुणाचा वेग मोजायला आलेला नाही, आणि हा शब्द पाळा. इथे एकदा जरी कुणाची चूक वरपर्यंत पोचवलीत तरी पुढचे सहा महिने तुम्हाला कुणी खरं सांगणार नाही.

काय शोधायचं? पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठ्या. खिशातली वही. कुणीतरी घरून बनवून आणलेली एक्सेलची फाइल. ‘अर्जंट’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप. फळीवर खडूने केलेली खूण. ठरावीक माणसाकडेच लोक वारंवार का जातात, तेही टिपा. अधिकृत पद्धत जिथे अपुरी पडली तिथे लोकांनी स्वतः बांधलेला हा पूल असतो. व्यवस्थापनाला बहुधा अशा वह्या आणि ग्रुप बंद करायची घाई असते. मी उलट सांगेन: त्यांतल्या प्रत्येक गोष्टीचा फोटो घ्या, यादी करा आणि प्रत्येकीपुढे लिहा की ही नसती तर काय अडलं असतं. नव्या यंत्रणेकडून काय हवं याची सर्वांत खरी यादी हीच.

प्रश्न विचारण्याची पद्धतही बदला. ‘हे काम कसं करता?’ असं विचारलं की लोक नियमपुस्तिका म्हणून दाखवतात. ‘मागच्या वेळी हे बिघडलं तेव्हा काय केलंत?’ असं विचारा आणि गप्प बसा. ‘नव्या माणसाला कोणती गोष्ट समजायला सर्वांत जास्त वेळ लागतो?’ आणि ‘तुम्ही आठवडाभर रजेवर गेलात तर काय अडेल?’ हे दोन प्रश्नही फार उपयोगी पडतात. तिसऱ्या प्रश्नाला ‘काहीच अडणार नाही’ असं उत्तर आलं तर त्या माणसाच्या शेजाऱ्याला विचारा.

तिसरा टप्पा: अडचणींचा तक्ता

या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. वेळ कमी असेल तर बाकीचं आटोपतं घ्या, पण हा तक्ता करा.

मोठा कागद घ्या, पाच रकाने आखा. अडचण कुठे उगवते? ती कुठे लक्षात येते? ती कोण निस्तरतं? निस्तरायला कोणती माहिती लागते? आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागते? दुसऱ्या टप्प्यात टिपलेली प्रत्येक अडचण यात भरा. साध्या गोदामातही तीस-चाळीस निघतात. सगळ्यांवर काम करायला जाऊ नका. ज्यांचा त्रास पुढच्या तीन-चार टप्प्यांपर्यंत पोचतो अशा आठ-दहा निवडा.

आता पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यातलं अंतर पाहा. अडचण माल काढताना उगवते, पण निस्तरली जाते ती ग्राहकाची तक्रार आल्यावर, चार दिवसांनी, दुसऱ्या खात्यात. असं जिथे दिसेल तिथे लाल खूण करा. चूक जिथे उगवते तिथल्याच माणसाला ती दिसावी आणि निस्तरता यावी, हे या सगळ्या रचनेचं सूत्र आहे.

एक अडचण पूर्ण सोडवून पाहू. खोक्यावर बारा नग छापलंय, आत अकराच निघाले. कागदी यादीच्या काळात माल काढणारा शेजारच्या खोक्यातून एक नग घेतो, यादीवर खूण करतो आणि जाता जाता साठा पाहणाऱ्याला सांगतो. नव्या सॉफ्टवेअरच्या मूळ आराखड्यात मात्र असं ठरलंय की संख्या जुळली नाही तर स्कॅनर अडून बसेल आणि पर्यवेक्षकाने पासवर्ड टाकल्यावरच पुढे सरकेल. ऐकायला हे शिस्तीचं वाटतं. पण त्या वेळी पर्यवेक्षक गोदामाच्या दुसऱ्या टोकाला गाडी भरून घेत असतो. माल काढणारा उभा राहतो, त्याची त्या तासातली संख्या घसरते, गाडीला उशीर होतो. काही आठवड्यांत काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको: पर्यवेक्षकाचा पासवर्ड प्रत्येक स्कॅनरच्या मागे चिकटवलेला असेल. मग कुणी काय बदललं याचा पत्ता लागणार नाही आणि साठ्याचा आकडा आधीपेक्षा खोटा होईल.

तक्त्यावरून याचं उत्तर सरळ निघतं. ठरावीक मर्यादेपर्यंतची तूट माल काढणाऱ्यानेच नोंदवावी, दुसऱ्या खोक्यातून नग घ्यावा आणि पुढे जावं. यंत्राने ती नोंद घेऊन त्या फळीची मोजणी करण्याचं काम आपोआप यादीत टाकावं. एकाच पुरवठादाराच्या खोक्यांत तूट वारंवार येत असेल तर खरेदी खात्याला कळवावं. इथे निर्णय माणसाचा राहिला. लक्षात ठेवणं, जुळवणं, निरोप पोचवणं यंत्राकडे गेलं. आणि पर्यवेक्षक फक्त मर्यादेबाहेरच्या प्रकरणांत लक्ष घालायला मोकळा राहिला.

अशा आठ-दहा अडचणी सोडवल्या की यंत्रणेचा निम्मा आराखडा तयार झालेला असतो. हा तक्ता विक्रेत्याला पुढच्या प्रात्यक्षिकाआधी पाठवा आणि त्याला म्हणा, सुरळीत ऑर्डर दाखवू नका, या दहा दाखवा.

चौथा टप्पा: कुणी काय करायचं

माणूस कशात चांगला आणि यंत्र कशात, याची यादी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५१ मध्येच मांडली होती. मोजणं, आठवणं, न कंटाळता तेच ते करणं यंत्राकडे. अनपेक्षित गोष्ट ओळखणं, अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणं माणसाकडे. सुरुवातीला ही यादी बरी. पण निव्वळ तिच्यावर विसंबलात तर एक सापळा आहे: यंत्राला जमेल ते सगळं यंत्राला देऊन उरलेली भुसकट कामं माणसाच्या पदरी टाकली जातात.

मानसशास्त्रज्ञ लिसॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये या सापळ्याचं नेमकं वर्णन केलं. सोपी कामं यंत्राने घेतली की माणसाकडे फक्त अवघड प्रसंग उरतात. आणि रोजचा सराव सुटल्यामुळे नेमक्या त्या अवघड प्रसंगी त्याचा हात बसलेला नसतो. शिवाय ‘यंत्र चालतंय, तुम्ही फक्त लक्ष ठेवा’ हे काम माणसाला जमत नाही. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये दाखवून दिलं की क्वचितच होणारा बदल टिपायला बसवलेल्या माणसाची नजर अर्ध्या तासातच मंदावते. यात आळसाचा संबंध नाही, शरीराचा धर्मच तसा आहे.

म्हणून वाटणी करताना तीन गोष्टी तपासा. कुणालाही नुसतं पडद्याकडे पाहत बसवलेलं नाही ना? यंत्र बंद पडलं तर ज्याने काम हाती घ्यायचं त्याला ते काम महिन्यातून निदान एकदा हाताने करायला मिळतं का? आणि यंत्राने सुचवलेला निर्णय माणसाने नुसता मंजूर करायचा असेल, तर त्याला तो तपासायला पुरेसा वेळ आणि कारण समजेल इतकी माहिती दिली आहे का? आपोआप अर्ज तपासणाऱ्या किंवा उत्तरांचे मसुदे लिहिणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना हा तिसरा प्रश्न आवर्जून लावा. तासाला शंभर शिफारशींवर सही करणारा माणूस तपासणी करत नसतो. चूक झाली तर दोष घ्यायला त्याला तिथे बसवलेलं असतं.

पाचवा टप्पा: नियम कमी, जबाबदारी पूर्ण

समाजशास्त्रज्ञ अल्बर्ट चर्न्स यांनी १९७६ मध्ये या सामाजिक-तांत्रिक रचनेची तत्त्वं मांडली. त्यांतलं एक मला रोज आठवतं: जे ठरवल्यावाचून चालणारच नाही तेवढंच ठरवा. काय साध्य करायचं ते नेमकं सांगा. कसं करायचं त्यातलं शक्य तितकं करणाऱ्यावर सोडा. कोणता माल नेमका कोणत्या तापमानात ठेवायचा, जड खोकं किती जणांनी उचलायचं, याला पक्का नियम हवा. फळ्यांमध्ये कोणत्या क्रमाने फिरायचं, कुणी कधी कुणाची जागा घ्यायची, हे गटाला ठरवू द्या. सॉफ्टवेअरवाले क्रम पक्का करायला उत्सुक असतात, कारण त्यांना ते सोपं जातं. तिथे ठाम राहा.

आपल्या गोदामात पाच-सहा जणांच्या गटाला गाड्यांच्या काही मार्गांची पूर्ण जबाबदारी देता येईल: माल काढणं, तपासणं, बांधणं, चढवणं. प्रत्येकाला यातली किमान दोन-तीन कामं यायला हवीत. प्रशिक्षणाचा खर्च सुरुवातीला वाढेल, पण एक माणूस न आल्याने सगळं ठप्प होणं थांबेल. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेलं सूत्र इथे लागू पडतं. माणसाला सर्वांत जास्त पोखरतं ते कामाचा रेटा मोठा आणि स्वतःच्या हातात निर्णय काहीच नाही, हे दोन्ही एकत्र आलं की. रेटा कमी करणं नेहमीच आपल्या हातात नसतं, निर्णय देणं असतं.

मदत मागण्याची सोयही इथेच आखा. टोयोटाच्या कारखान्यांत काही अडलं आणि कामगाराने मदतीसाठी लावलेली दोरी ओढली की आधी गटप्रमुख धावत येतो. ठरावीक वेळेत प्रश्न सुटला नाही तरच गाड्या जोडण्याचा पट्टा थांबतो. दोरीपेक्षाही ओढल्यावर कुणीतरी येतं, हे महत्त्वाचं. तुमच्या स्कॅनरवर ‘मदत’ असं बटण असेल तर ते दाबल्यावर कोण येणार, किती मिनिटांत, आणि त्या माणसाला त्या वेळी दुसरं काय काम दिलेलं असेल, ते लिहून काढा. लिहिता आलं नाही तर ते बटण काढून टाकलेलं बरं.

आणि मोबदल्याची पद्धत तपासा. गटाने मिळून काम करा असं सांगायचं आणि बक्षीस प्रत्येकाच्या वैयक्तिक संख्येवर द्यायचं, तर लोक बक्षीस जिकडे आहे तिकडेच जातील.

सहावा टप्पा: पडदा आणि इशारे

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडीच अडकली. नियंत्रणकक्षातला दिवा मात्र झडप बंद झाल्यासारखं दाखवत होता, कारण तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. झडपेला बंद होण्याची आज्ञा गेली एवढंच दाखवत होता. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून जास्त इशारे एकदम वाजले. झडप उघडी आहे हे लक्षात यायला दोन तासांहून जास्त वेळ गेला.

तुमच्या पडद्यावर ‘पाठवलं’ असं हिरवं दिसतं तेव्हा गाडी खरंच फाटकाबाहेर पडलेली असते, की कुणीतरी नुसतं बटण दाबलेलं असतं? प्रत्येक हिरव्या खुणेला हा प्रश्न विचारा. आज्ञा आणि प्रत्यक्ष स्थिती वेगळ्या दाखवा.

इशाऱ्यांबाबत कंजूष व्हा. डॉक्टरांना औषधांबद्दल मिळणाऱ्या संगणकीय इशाऱ्यांचा एक आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४९ ते ९६ टक्के इशारे बाजूला सारले जात असल्याचं दिसलं. सतत ओरडणाऱ्या यंत्राकडे लक्ष न देणं हा माणसाने स्वतःपुरता काढलेला मार्ग असतो. प्रत्येक इशाऱ्यासाठी लिहा: हा वाजल्यावर कोण, काय करणार? ‘माहिती असू द्यावी’ एवढंच उत्तर असेल तर तो इशारा नको, दिवसअखेरच्या यादीत टाका.

सातवा टप्पा: आधी एका कोपऱ्यात

पिट्सबर्गच्या एका बालरुग्णालयात डॉक्टरांच्या सूचना संगणकावर नोंदवण्याची यंत्रणा अवघ्या सहा दिवसांत सगळीकडे सुरू केली गेली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं की विशेष उपचारांसाठी बाहेरून आणलेल्या मुलांतलं मृत्यूचं प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेलं. पूर्वी रुग्णवाहिका वाटेत असतानाच डॉक्टर औषधं सांगून ठेवत. आता मूल पोचून त्याची नोंद झाल्याशिवाय सूचना टाकता येत नव्हती. औषधं मध्यवर्ती विभागात हलवली होती, आणि जी माणसं खाटेजवळ असायची ती संगणकापाशी गेली. सिएटलच्या बालरुग्णालयाने तीच यंत्रणा आणली, पण अतिदक्षता विभागासाठी लागणारे सूचनांचे संच आधीच तयार ठेवले. तिथे २००६ मध्ये आलेल्या अभ्यासात मृत्यूंत वाढ दिसली नाही. ही दोन उदाहरणं एकापुढे एक ठेवून वाचली की मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं. ‘रुग्णवाहिका वाटेत आहे’ ही अडचण कुणाच्या तरी तक्त्यात असायला हवी होती.

चाचणीसाठी एक गट, एक मार्ग निवडा. सर्वांत हुशार गट निवडू नका, साधारण निवडा. हुशार गट कुठलीही मोडकी यंत्रणा चालवून दाखवतो. चाचणी चार ते सहा आठवडे चालू द्या, म्हणजे त्यात एक महिनाअखेर येईल. पहिल्या दोन आठवड्यांत कामाचं उद्दिष्ट कमी करा आणि जास्तीची माणसं द्या. जुनी कागदी यादी हाताशी ठेवा. कोणत्या परिस्थितीत चाचणी थांबवायची ते आधीच लिहा, आणि ती थांबवायचा अधिकार त्या पाळीतल्या माणसाला द्या. तो अधिकार वरच्या मजल्यावर ठेवलात तर चाचणी कधीच थांबणार नाही, कारण वरच्या मजल्यावर ती यशस्वी झाल्याचं आधीच जाहीर झालेलं असतं.

मुद्दाम एकदा वीज किंवा नेटवर्क बंद करून पाहा. त्या अर्ध्या तासात लोक काय करतात ते पाहिलं की आणीबाणीची योजना कुठे कच्ची आहे ते दिसेल.

आठवा टप्पा: आकडे कुणाचे आणि विश्वास कुणावर

स्कॅनर आला की प्रत्येकाची हालचाल सेकंदागणिक नोंदली जाऊ लागते, आणि आकडे हाताशी आले की ते वापरायचा मोह होतो. कोणते आकडे गोळा होणार, ते कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, आणि कशासाठी वापरले जाणार नाहीत, हे सुरुवातीलाच लेखी जाहीर करा. माझं मत स्पष्ट आहे: कामाची अडचण शोधायला गोळा केलेला आकडा माणसाला शिक्षा करायला वापरू नये. एकदा वापरलात की लोक आकडा सांभाळतील, आणि अडचणी पुन्हा वहीत जातील.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे यंत्र आणि माणूस यांचं म्हणणं जुळलं नाही तर काय करायचं. ब्रिटनच्या टपाल खात्यात १९९९ पासून होरायझन नावाची हिशेबाची यंत्रणा आली. तिने दाखवलेल्या तुटीवरून टपाल कार्यालयं चालवणाऱ्यांवर चोरीचे आणि अफरातफरीचे खटले भरले गेले. नऊशेहून जास्त जण दोषी ठरले. हिशेब जुळत नाही अशी तक्रार करणाऱ्या अनेकांना सांगितलं गेलं की असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्या यंत्रणेत दोष असल्याचं मान्य केलं, आणि २०२४ मध्ये शेकडो लोकांची दोषसिद्धी रद्द करण्यासाठी कायदा करावा लागला. तोवर कित्येकांची घरं उद्ध्वस्त झाली होती, काही जण हयातही नव्हते.

म्हणून तुमच्या रचनेत एक वाट पक्की ठेवा: ‘यंत्राची नोंद चुकीची आहे’ असं कुणीही म्हणू शकेल, ती तक्रार विक्रेत्याशी बांधील नसलेली व्यक्ती तपासेल, आणि निकाल लागेपर्यंत माणसाच्या पगाराला किंवा नावाला धक्का लागणार नाही. अशा सगळ्या तक्रारी एकाच ठिकाणी सर्वांना दिसतील अशा ठेवा, म्हणजे तीच चूक दुसऱ्यालाही दिसत असेल तर ती कळेल.

नववा टप्पा: सुरू झाल्यानंतर

प्रकल्पाचं ‘उद्घाटन’ झालं की आखणी करणारा गट विसर्जित होतो. तो होऊ देऊ नका. महिन्यातून दोन तास, तीच माणसं, तोच तक्ता. कोणत्या अडचणी कमी झाल्या, कोणत्या नव्या उगवल्या, कुठली अडचण एका खात्यातून निघून दुसऱ्याच्या गळ्यात पडली. या गटाकडे छोटे बदल करून घेण्यापुरता खर्चाचा अधिकार हवा, आणि विक्रेत्याशी करार करताना पहिल्या वर्षातल्या अशा बदलांची तरतूद त्यात आधीच घालून घ्या. कराराच्या वेळी हे विसरलात तर प्रत्येक छोट्या दुरुस्तीसाठी नवा अर्ज आणि नवी मंजुरी लागेल, आणि दोन-तीन वेळा असं झालं की लोक सुचवणं सोडून देतील.

सहा महिन्यांनी पुन्हा पूर्ण पाळी उभे राहून काम पाहा. कुठेतरी नवी वही, नवी चिठ्ठी किंवा नवा ग्रुप सापडेलच. ज्याची वही असेल त्याच्या शेजारी बसा, त्याच्या परवानगीने ती पहिल्या पानापासून वाचा, आणि त्यातली नोंद न् नोंद तक्त्याच्या पहिल्या रकान्यात उतरवून घ्या.